मागे ठेवलं ते फक्त कर्ज : पदावर असतानाच गेलेले रफी अहमद किदवई

संसदेचं किंवा विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की पहिल्या दिवशीची एक बातमी ठरलेली असते. सभागृहाने दिवंगत सदस्यांना श्रद्धांजली वाहिली, सदस्यांनी उभे राहून मौन पाळले आणि कामकाज तहकूब झाले. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. त्या दोन-चार ओळींमागे काय असतं, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

पद्धत जुनी आहे. सभागृहाचा एखादा विद्यमान किंवा माजी सदस्य गेला की अध्यक्ष त्याचं नाव घेतात, जन्म कुठला, निवडून कुठून आला, कोणकोणती पदं भूषवली ते सांगतात. मग सभागृहाचे नेते बोलतात आणि इतर पक्षांचे नेते बोलतात. काल ज्याने भर सभागृहात वाभाडे काढले, तोही त्या दिवशी चांगलं बोलतो. शेवटी सगळे उभे राहतात आणि शोकसंदेश घरच्यांकडे पाठवला जातो. आपल्याकडे मय्यत झालेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, त्याचंच हे सरकारी रूप म्हणा ना!

पण पदांची यादी वाचून माणूस कळतो का? आपल्यात मय्यतीच्या वेळी आणखी एक गोष्ट विचारली जाते. मरहूमवर कोणाचं काही देणं आहे का? वारसांना एक पैसा मिळण्याआधी ते फेडलं गेलं पाहिजे. सभागृहात हा प्रश्न कोणी विचारत नाही. आज आम्ही ज्यांची आठवण काढतोय त्यांच्या बाबतीत तो विचारावाच लागतो, कारण देशाचे मंत्री असताना ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर उरलं होतं ते कर्ज.

नाव रफी अहमद किदवई. मुंबईच्या वडाळा-शिवडी भागात राहणाऱ्यांच्या तोंडी हे नाव रोज असतं. तिथला मोठा रस्ता त्यांच्याच नावाचा, तिथलं पोलीस ठाणंही रस्त्याच्या नावावरून आर. ए. के. मार्ग म्हणून ओळखलं जातं. टॅक्सीवाल्याला, कुरियरवाल्याला आपण सांगतो, किडवाई रोडला सोड. पण हे किडवाई होते कोण, असं घरातल्या मुलाने विचारलं तर आपल्यातले किती जण दोन वाक्यं सांगू शकतील?

मसौली ते अलीगढ

रफीसाहेबांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ रोजी उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यातल्या मसौली गावचा. लखनौपासून हा भाग जवळ. किदवई हे अवधमधलं जुनं, नावाजलेलं घराणं. वडील इम्तियाज अली मध्यम जमीनदार होते आणि सरकारी नोकरीतही होते. आईचं छत्र लहानपणीच गेलं. शिक्षणासाठी रफीसाहेब बाराबंकीत चुलत्यांकडे राहिले. हे चुलते विलायत अली म्हणजे व्यवसायाने वकील, पण मौलाना मोहम्मद अली यांच्या ‘कॉम्रेड’ या इंग्रजी पत्रात ‘बंबूक’ या टोपणनावाने विनोदी लेख लिहिणारे. म्हणजे घरात देशाच्या राजकारणाची चर्चा आणि थट्टामस्करी दोन्ही एकाच दस्तरखानावर चालायचं. पोराच्या कानावर ते पडत राहिलं.

पुढे अलीगढचं एम. ए. ओ. कॉलेज. तिथून १९१८ मध्ये बी. ए. झाले आणि कायद्याचं शिक्षण सुरू केलं. त्याच वर्षी लग्नही झालं. घरच्यांचा हिशोब सरळ होता. मुलगा वकील होईल, जमीन आहेच, चार माणसांत मान आहेच. पण १९२० साली खिलाफत आणि असहकाराची हाक आली. हजारो तरुणांनी सरकारी कॉलेजं आणि कोर्टं सोडली. रफीसाहेबांनी कायद्याचा अभ्यास अर्धवट टाकला, चळवळीत उतरले आणि तुरुंगात गेले. वकिलीची सनद मिळाली नाही ती नाहीच. पुढे आयुष्यभर कायदे करण्याचंच काम केलं, पण स्वतः कधी कोर्टात उभे राहिले नाहीत.

घरचं सुखही फार लाभलं नाही. एकुलता एक मुलगा बालपणीच वारला. त्यानंतर दुसरं मूल नाही. ज्याच्यासाठी माया जमवावी असं स्वतःचं कोणी उरलं नव्हतं. रफीसाहेब मोकळ्या हाताने देत सुटायचे ते याचमुळे असं काही जण म्हणतात. आम्हाला मात्र वाटतं, तो स्वभाव मुळातलाच होता.

पडद्यामागचा माणूस

तुरुंगातून सुटल्यावर ते अलाहाबादला गेले आणि मोतीलाल नेहरूंचे खाजगी सचिव झाले. मोतीलालजी तेव्हा स्वराज पक्षाचे नेते. गांधीजींनी कायदेमंडळांवर बहिष्कार टाकायला सांगितला होता. मोतीलालजी आणि चित्तरंजन दास यांचं म्हणणं वेगळं होतं. आत जाऊन सरकारला अडवायचं. १९२६ मध्ये रफीसाहेब मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून आले आणि पक्षाचे मुख्य प्रतोद झाले. तेव्हा त्यांचं वय जेमतेम बत्तीस.

प्रतोदाचं काम बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मतदानाच्या वेळी आपली सगळी माणसं सभागृहात आहेत ना, कोण नाराज आहे, कोण आजारी आहे, कोणाला गाडीभाडं हवंय, कोण ऐनवेळी फुटणार आहे, हे सगळं त्याने बघायचं. भाषणं दुसऱ्यांनी करायची, वृत्तपत्रात नावं दुसऱ्यांची यायची. रफीसाहेब वक्ते नव्हतेच. माणूस ओळखणं, त्याची अडचण न सांगता समजून घेणं आणि ती गुपचूप दूर करणं, ही त्यांची ताकद. विरोधी बाकावरच्या लोकांशीही त्यांची दोस्ती असायची. कोणत्या सदस्याच्या घरी मुलीचं लग्न अडलंय आणि कोणाची आई दवाखान्यात आहे, हे त्यांना ठाऊक असायचं.

१९३० मध्ये काँग्रेसच्या आदेशाप्रमाणे त्यांनी कायदेमंडळाची जागा सोडली. मिठाच्या सत्याग्रहाचे दिवस होते. रायबरेली भागात त्यांनी शेतकऱ्यांना संघटित केलं, साराबंदीची चळवळ चालवली आणि पुन्हा तुरुंगात गेले. स्वतः जमीनदाराचा मुलगा, आणि शिकवत होता कुळांना सारा भरू नका म्हणून!

जमीनदाराच्या मुलाने केलेला कायदा

१९३७ मध्ये संयुक्त प्रांतात गोविंद वल्लभ पंतांचं मंत्रिमंडळ आलं. रफीसाहेबांकडे महसूल आणि तुरुंग ही दोन खाती आली. ज्या तुरुंगात खडी फोडली त्या तुरुंगांचेच मंत्री झाले. त्याच वर्षी काकोरी खटल्यातले शिक्षा भोगत असलेले क्रांतिकारक सुटले. याच खटल्यात दहा वर्षांपूर्वी अशफाकउल्ला खान आणि रामप्रसाद बिस्मिल फासावर गेले होते. उरलेल्या राजकीय कैद्यांच्या सुटकेवरून पुढच्या वर्षी गव्हर्नरशी एवढं वाजलं की पंत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. शेवटी सरकारला नमतं घ्यावं लागलं.

पण त्या काळातलं त्यांचं खरं काम म्हणजे १९३९ चा कुळकायदा. अवध आणि आग्रा भागात लाखो कुळं जमीनदाराच्या मर्जीवर जगत होती. मनात आलं की बेदखल. या कायद्याने कुळांना वारसाहक्काने जमीन कसण्याचा हक्क दिला आणि मनमानी बेदखलीला आळा घातला. कायदेमंडळात जमीनदारांनी कडाडून विरोध केला. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, आणि रफीसाहेबांच्या नात्यागोत्यातले, उठण्या-बसण्यातले लोकही होते. कायद्याचा फटका त्यांच्यासारख्याच घराण्यांना बसणार होता. तरी त्यांनी तो रेटून नेला.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय. मुसलमान पुढारी म्हटलं की त्याने फक्त मुसलमानांच्या प्रश्नावर बोलायचं, असं आपण आणि आपल्या बाहेरचेही गृहीत धरतात. रफीसाहेबांनी कूळ हे कूळ म्हणून पाहिलं. त्या कायद्याचा फायदा झालेल्यांत बहुसंख्य हिंदू शेतकरी होते.

१९४७ चं दुःख

फाळणीच्या सुमारास रफीसाहेब आपल्या प्रांताचे गृहमंत्री होते. १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र भारताचं पहिलं मंत्रिमंडळ झालं, त्यात दोन मुसलमान मंत्री होते. शिक्षण खात्यावर मौलाना आझाद, दळणवळण खात्यावर रफी अहमद किदवई.

दोन महिन्यांत घरावर डोंगर कोसळला. धाकटे भाऊ शफी अहमद मसुरी नगरपालिकेचे प्रशासक होते. हवा बिघडली होती, निघून जा असे सल्ले मिळत होते. ते कामाच्या जागीच राहिले आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये दंगलीत मारले गेले. केंद्रीय मंत्र्याचा सख्खा भाऊ वाचला नाही, यावरून सामान्य माणसाची काय गत असेल ते समजावं.

शफीसाहेबांच्या पत्नी अनीस किदवई शोक गिळून दिल्लीला गांधीजींकडे गेल्या. पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर इथे मुसलमान निर्वासितांच्या छावण्या होत्या. तिथे त्यांनी जखमींची, बेवारस मुलांची, पळवून नेलेल्या बायकांची सेवा सुरू केली. त्या दिवसांवर त्यांनी लिहिलेलं ‘आजादी की छांव में’ हे पुस्तक आजही वाचलं जातं. पुढे त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

रफीसाहेबांनी या घटनेचं राजकारण केलं नाही, देश सोडण्याचा विचारही केला नाही. दिल्लीतल्या त्यांच्या घरी एकीकडे भेदरलेले मुसलमान मदतीला येत आणि दुसरीकडे पंजाबातून सगळं गमावून आलेले हिंदू-शीख निर्वासितही येत. ज्यांचा भाऊ दंगलीत गेला त्या घरात कोणाचा धर्म विचारला जात नव्हता.

अर्ध्या रात्री नागपुरात

दळणवळण खातं म्हणजे टपाल, तार, टेलिफोन आणि विमानं. सगळंच तोकडं होतं. टेलिफोनची मागणी मोठी, यंत्रं कमी आणि पैसा त्याहून कमी. १९४८ मध्ये बंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा सरकारी कारखाना सुरू झाला. रफीसाहेबांनी एक सोपी योजना आणली. ज्याला टेलिफोन हवा त्याने काही वर्षांचे पैसे आधीच भरायचे, त्या पैशातून नव्या लाइनी आणि एक्सचेंज उभारायची. ‘ओन युवर टेलिफोन’ म्हणून ही योजना पुढे कितीतरी वर्षं चालली. आपल्यातल्या जुन्या दुकानदारांना ओ. वाय. टी. हा शब्द चांगला आठवत असेल.

दुसरी योजना थेट आपल्या भागाशी जोडलेली. १९४९ मध्ये रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून टपालाच्या पिशव्या घेऊन चार विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र यायची. नकाशा समोर धरला तर कळतं, नागपूर या चारही शहरांच्या मधोमध. तिथे पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. त्याच वर्षापासून आतल्या टपालाची साधी पत्रंही जादा पैसे न घेता विमानाने जाऊ लागली.

विमान कंपन्यांना हे पचलं नाही. खुद्द जे. आर. डी. टाटा यांचा रात्रीच्या टपालाला विरोध होता. धावपट्ट्यांवर पुरेशी सोय नाही, खर्च परवडणार नाही, असं त्यांचं मत. टाटा विमानांच्या धंद्यातले जाणकार आणि रफीसाहेब हट्टाला पेटलेले. दोघांत जाहीर खटके उडाले. योजना मात्र चालू झाली आणि टिकली. विमान उद्योगाचं त्यातून भलं झालं की बुरं यावर वाद होऊ शकतो. पण परगावी कामाला असलेल्या मुलाचं पत्र आई-बापाला चार दिवस आधी मिळू लागलं, यात वाद नाही.

धान्याचं खातं

१९५१ मध्ये काँग्रेसमध्ये पुरुषोत्तमदास टंडन यांच्या अध्यक्षपदावरून मोठा वाद झाला. रफीसाहेब मंत्रिपद सोडून आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षात गेले. थोड्याच महिन्यांत नेहरू स्वतः काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि रफीसाहेब परतले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहराइच जिल्ह्यातून ते लोकसभेवर निवडून आले. त्यानंतर अन्न आणि शेतीचं खातं त्यांच्याकडे आलं. ते खातं मंत्र्यांची परीक्षा पाहणारं म्हणून बदनाम होतं.

आज रेशन म्हणजे स्वस्त धान्य दुकान. तेव्हाचं रेशन वेगळं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून मुंबईत ते लागू झालं. कोणी किती धान्य घ्यायचं, ते सरकार ठरवणार. व्यापाऱ्याने एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गाडी न्यायची तर परवाना हवा. शेतकऱ्याकडून सरकार ठरलेल्या भावाने लेव्ही घेणार. त्यामुळे गहू-तांदूळ उघड बाजारातून गायब आणि काळ्या बाजारात हजर. लग्नाला पंचवीस माणसं जास्त बोलवायची तर काळजी. रमजानात, ईदला साखर-मैदा मिळवताना बायांच्या नाकी नऊ यायचे. १९४७ च्या डिसेंबरात एकदा नियंत्रणं उठवली होती, पण भाव भडकले आणि १९४८ मध्ये पुन्हा लावावी लागली. १९५१ मध्ये तर अमेरिकेकडून कर्जाऊ गहू आणावा लागला.

रफीसाहेबांनी खातं हाती घेतल्यावर आकड्यांच्या फायलींपेक्षा बाजाराकडे जास्त पाहिलं. धान्य कमी आहे हे खरं, पण भीतीमुळे ते आणखी कमी दिसतंय, हे त्यांनी ताडलं. उद्या मिळणार नाही या धास्तीने शेतकरी घरात ठेवतो, व्यापारी गोदामात ठेवतो आणि गृहिणीही डब्यात चार किलो जास्त ठेवते. सरकारजवळ भरपूर साठा आहे आणि भाव चढले की ते बाजारात धान्य ओतणार, एवढी खात्री पटली तर दडवलेलं धान्य आपोआप बाहेर येईल, असा त्यांचा अंदाज. साठ्यासाठी परदेशातून धान्य आणलं, ब्रह्मदेशाचा तांदूळ घेतला. भाताचं उत्पन्न वाढावं म्हणून १९५३ मध्ये जपानी पद्धतीच्या भातलागवडीची देशभर मोहीम निघाली.

मग एकेक बंधन सुटत गेलं. १९५२ मध्ये मद्रासमध्ये राजगोपालाचारींनी रेशनिंग उठवलं, त्याला रफीसाहेबांचं पाठबळ होतं. नियोजन खात्यातल्या तज्ज्ञांना धडकी भरली होती. पुन्हा १९४८ सारखं झालं तर काय, ही भीती खोटी नव्हती. रफीसाहेबांनी जबाबदारी आपल्या डोक्यावर घेतली. १९५४ च्या मध्यापर्यंत धान्यावरची जवळपास सगळी नियंत्रणं उठली आणि दुकानात उघडपणे तांदूळ मिळू लागला.

यात नशिबाची साथही होती. १९५३ चा पाऊस चांगला झाला, पीक भरघोस आलं. तसं झालं नसतं तर हाच निर्णय अंगाशी आला असता. पुढच्या दशकात टंचाई परत आली, रेशनच्या रांगाही परत आल्या. तेव्हा रफीसाहेबांनी भुकेचा प्रश्न कायमचा सोडवला असं कोणी म्हणू नये. दहा-अकरा वर्षं रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला त्यांनी मोकळा श्वास घेऊ दिला, एवढं मात्र नक्की.

पैसा आला, पैसा गेला

श्रद्धांजलीत दोष सांगत नाहीत. पण माणूस पुरता समजून घ्यायचा तर तेही सांगायला हवं.

रफीसाहेब राजकारणातले मुरब्बी खेळाडू होते. जोडतोड, गटबाजी, कोणाला कुठे उभं करायचं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १९५३ मध्ये काश्मीरमध्ये शेख अब्दुल्लांना पदावरून हटवून अटक झाली, त्यामागच्या हालचालींतही इतिहासकार त्यांचं नाव घेतात. ती गोष्ट अनेकांना आजही खटकते. धनिकांकडून, उद्योगपतींकडून ते पैसे घेत, पक्षासाठी आणि गरजूंसाठी, आणि त्याचा पावती-हिशोब ठेवण्याची त्यांची रीत नव्हती. मंत्र्याने असं करणं योग्य का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. आमचंही मत आहे की ही पद्धत बरी नव्हती. हेतू चांगला असला तरी हिशोब उघडा असावा.

पण तो पैसा गेला कुठे? तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्यांच्या घरी, विधवांकडे, शिकणाऱ्या मुलांच्या फीसाठी. दुसऱ्या पक्षात गेलेल्या जुन्या सहकाऱ्यांनाही तो जायचा. काल त्यांच्याविरुद्ध प्रचार केलेला माणूस आज अडचणीत आला तर त्यालाही गुपचूप पाकीट मिळायचं. त्यांच्या घरी जेवणाच्या वेळी किती माणसं असतील याचा अंदाज स्वयंपाक्याला कधीच नसायचा. जवळचे पैसे संपले की ते दुसऱ्याकडून उसने घेऊन तिसऱ्याला देत. कर्ज वाढलं ते असं.

२४ ऑक्टोबर १९५४

दम्याचा त्रास त्यांना होता. दिल्लीत भाषण करत असतानाच दम्याचा झटका आला आणि हृदय थांबलं. तारीख २४ ऑक्टोबर १९५४. वय साठ. देशाचे अन्नमंत्री आणि लोकसभेचे सदस्य असताना त्यांचा इंतकाल झाला. मसौलीत, आपल्या गावच्या मातीत त्यांना दफन करण्यात आलं.

मागे काय उरलं हे पाहायला लोक गेले, तेव्हा सापडलं गावाकडचं मोडकळीला आलेलं घर आणि देणेकऱ्यांचं कर्ज. एका प्रांताचे आणि केंद्राचे मिळून इतकी वर्षं मंत्री राहिलेला, मोठमोठे पैसेवाले ज्याच्या दारात यायचे असा माणूस. त्याच्या बेवा पत्नीसाठी साधं पडवीचं छप्परही धड नव्हतं.

संसदेच्या दोन्ही सभागृहांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. त्या लोकसभेचे अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचे. दीड वर्षाच्या आत, २७ फेब्रुवारी १९५६ ला अध्यक्षपदावर असतानाच मावळंकरही गेले आणि त्याच सभागृहाला आपल्याच अध्यक्षांसाठी उभं राहावं लागलं. त्या पिढीचं असंच झालं. सरदार पटेल १९५० मध्ये, मौलाना आझाद २२ फेब्रुवारी १९५८ ला, गोविंद वल्लभ पंत १९६१ मध्ये आणि खुद्द नेहरू १९६४ मध्ये, सगळे पदावर असताना गेले. दर वेळी उरलेल्यांनी गेलेल्यांसाठी मौन पाळलं, आणि पुढच्या वेळी त्यांच्यातल्याच कोणासाठी तरी दुसऱ्यांनी पाळलं.

पुढे १९५६ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने शेतीशास्त्रज्ञांसाठी रफी अहमद किदवई पुरस्कार सुरू केला, तो मोठा मानला गेला. १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. ज्यांनी टपालाला रात्री उडायला लावलं, त्यांचा चेहरा पाकिटावर आला. दिल्लीत किदवई नगर आहे, बंगळुरूच्या सरकारी कर्करोग रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे आणि मुंबईत आपला किडवाई रोड.

आपण काय विचारायचं?

सभागृहात मुसलमान आमदार-खासदार किती, हा हिशोब आपण दर निवडणुकीनंतर मांडतो. तो मांडलाच पाहिजे, संख्या कमी होत जाणं ही काळजीचीच गोष्ट आहे. पण त्याच्या जोडीने दुसराही हिशोब मांडावा, असं आम्हाला वाटतं. जो निवडून गेला त्याने कोणासाठी काय केलं? तो गेला तेव्हा काय घेऊन आला होता आणि काय ठेवून गेला?

रफीसाहेबांनी कुळाला जमिनीचा हक्क दिला, रांगेतल्या माणसाला धान्य दिलं, पत्राची वाट पाहणाऱ्याला पत्र दिलं. यातलं काहीही फक्त मुसलमानांसाठी नव्हतं आणि यातल्या कशातूनही मुसलमान वगळलेला नव्हता. भाऊ गमावूनही त्यांनी कडवटपणा धरला नाही. ज्या काळात आपल्या समाजाकडे संशयाने पाहिलं जात होतं, त्या काळात देशाच्या पोटाची जबाबदारी एका मुसलमान मंत्र्याच्या हाती होती आणि त्याने ती पार पाडली.

पुढच्या वेळी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी श्रद्धांजलीची बातमी आली तर पान उलटण्याआधी ती नावं एकदा वाचा. त्यांत आपल्या भागातलं कोणी असेल तर त्यांनी काय केलं होतं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि वडाळ्याला राहत असाल तर एखाद्या संध्याकाळी मुलांना रस्त्याच्या पाटीपाशी उभं करून सांगा की हे नाव कोणाचं आहे. अन्नमंत्री होते, आणि गेले तेव्हा घराचं छप्पर गळत होतं.

अल्लाह त्यांची मगफिरत करो. आमीन.